टाके की गाठी?

गोधडीवर कादंबरी लिहिता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना खरे वाटणार नाही. फार तर एखादी हळवी कविता होईल, किंवा आजीच्या आठवणींचा एखादा लेख. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र अशा पुस्तकांनी एक कपाट सहज भरेल. तिकडे गोधडीला क्विल्ट म्हणतात. आपल्याकडे जुनेराचे थर एकावर एक रचून सगळ्या अंगभर धावदोरा घालतात. तिकडे वर ठिगळांचा जोडलेला पदर, मध्ये कापूस किंवा लोकर आणि खाली अस्तर, असे तीन थर असतात. ठिगळांच्या मांडणीला नावेही असतात. एक ‘लाकडी झोपडी’, एक ‘फुटकी भांडी’, एक ‘एकटा तारा’. हे तीन थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून दोन रीती आहेत. सबंध गोधडीवर बारीक टाके घालायचे, नाही तर जागजागी दोरा ओवून नुसत्या गाठी मारायच्या. गाठींचे काम लवकर उरकते. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे एक खून आहे आणि त्यात तो लागणार आहे.

कपाटातली सगळीच पुस्तके थोर आहेत असे नव्हे. जेनिफर चियावेरिनी यांची ‘द क्विल्टर्स अप्रेंटिस’ १९९९ साली आली आणि तिच्यामागून त्याच एल्म क्रीकच्या मंडळींवर कादंबऱ्यांची रांग लागली. दुपारच्या चहाबरोबर वाचायला त्या छान आहेत. व्हिटनी ओटो यांची ‘हाऊ टु मेक ॲन अमेरिकन क्विल्ट’ (१९९१) तिच्यावरील चित्रपटामुळे अधिक नावाजली. एकत्र बसून शिवणाऱ्या बायका आणि प्रत्येकीची एकेक कहाणी, अशी तिची बांधणी आहे. ती मला थोडी सोयीची वाटते. गोधडी तिथे कहाण्या ओवायची दोरी होते. सुई कोणाच्या बोटाला टोचत नाही. मधल्या मधल्या शिवणाच्या सूचना मात्र वाचण्याजोग्या आहेत.

खरे बळ ज्या लेखनात आहे, त्यात प्रश्न वेगळाच आहे: गोधडी वाचता कोणाला येते?

१९०० सालच्या डिसेंबरात आयोवा राज्यात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा रात्री अंथरुणातच कुऱ्हाडीने खून झाला आणि आरोप त्याच्या बायकोवर आला. सूझन ग्लास्पेल ही चोवीस वर्षांची मुलगी तेव्हा डे मॉइन शहरातल्या एका दैनिकाची बातमीदार होती. खटल्याच्या बातम्या तिने लिहिल्या, पण बातमीत न मावलेले काही तरी तिच्या मनात पंधरा वर्षे राहिले असावे. १९१६ साली तिने ‘ट्रायफल्स’, म्हणजे ‘क्षुल्लक गोष्टी’, ही एकांकिका लिहिली आणि पुढच्या वर्षी तीच हकिकत ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ या नावाने कथेत मांडली. त्या काळी आयोवात बायकांना ज्यूरीवर बसता येत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे कथेच्या नावातली धार कळते.

प्रसंग साधा आहे. नवरा मेला आहे, बायको तुरुंगात आहे. तिच्या ओसाड घरी तीन पुरुष पुरावा शोधायला येतात: शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारचा हेल. बरोबर शेरीफची बायको आणि हेलची बायको. पुरुष माडीवर जातात, गोठा पाहतात. बायकांना स्वयंपाकघरात ठेवतात, कारण तिथे काय असणार? मुरंब्याच्या फुटलेल्या बरण्या, अर्धवट पुसलेले टेबल आणि एका टोपलीत अर्धी शिवलेली गोधडी. बायका त्या गोधडीविषयी बोलतात, ही टाके घालणार होती की गाठी मारणार होती? जिन्यावरून येणाऱ्या पुरुषांच्या कानावर ते पडते आणि ते हसतात.

हसून ते निघून जातात, आणि मिसेस हेलच्या हाती एक ठिगळ लागते. बाकी सगळी शिवण एकसारखी, नेटकी. या एकाच तुकड्यात टाके सैरावैरा धावलेले. काही न बोलता ती ते टाके उसवते आणि नीट घालू लागते. मग शिवणाचे सामान शोधताना एक सुंदर पेटी सापडते. तिच्यात रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला पिवळा कॅनरी पक्षी. त्या एकाकी घरात गाणारा तेवढाच जीव होता. पुरुषांना खुनाचे कारण सापडत नाही. बायकांना ते सापडलेले असते, आणि पेटी मिसेस हेलच्या खिशात जाते. शेवटी वकील पुन्हा थट्टेने तोच प्रश्न विचारतो, आणि ती उत्तर देते की गाठी मारणार होती. खऱ्या घटनेतल्या कुऱ्हाडीच्या जागी लेखिकेने दोर का आणला, ते इथे उमगते. नवऱ्याच्या गळ्याला गाठच होती.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलगे विचारतात, तिनेच मारले हे सिद्ध कसे होते? मुली विचारतात, मिसेस हेलने टाके उसवले हा गुन्हा नव्हे का? तास संपल्याची घंटा अशा वेळी मोठी उपकारक असते.

ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेतही वाचण्याचाच तंटा आहे, पण तो मायलेकींत आहे. थोरली डी शिकून शहरातून येते आणि आजीच्या हातच्या दोन गोधड्या मागते. त्यांत आजीच्या झग्यांचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्याचे आहेत आणि यादवी युद्धात पणजोबांनी घातलेल्या गणवेशाचा काडेपेटीएवढा एक तुकडाही आहे. डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. धाकटी मॅगी जळाल्याच्या व्रणांनी बुजलेली. तिला त्या लग्नात मिळायच्या होत्या. ती वापरून वापरून त्यांच्या चिंध्या करील, अशी डीची तक्रार. पण शिवायला येते ते मॅगीला, तिला आजीनेच शिकवले आहे. हीच डी कॉलेजला निघाली तेव्हा आई गोधडी देत होती, आणि तिने ती जुनाट म्हणून नाकारली होती! आई कोणाच्या पदरात गोधड्या टाकते ते सांगत नाही. डीला मूर्ख ठरवून मोकळे होणे मात्र मला पटत नाही. भिंतीवर टांगले नसते तर कित्येक गोधड्या आज उरल्या नसत्या.

हॅरिएट पॉवर्सचे उदाहरण घ्या. ही १८३७ साली जॉर्जियात गुलामीत जन्मलेली स्त्री. बायबलातील प्रसंगांची तिची गोधडी १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत मांडली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिकेने ती मागितली, पण पॉवर्सने विकली नाही. पाच वर्षांनी संसार अडला, तेव्हा ती स्वतःच बैलगाडीतून गोधडी घेऊन आली. दहा डॉलर मागितले, पाचांवर तोडले. देताना तिने एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि जेनीने तो लिहून ठेवला. पुढे ती आपली गोधडी बघायला पुन्हा पुन्हा येत असे. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि विकणारणीने स्वतः सांगितलेल्या अर्थासह आहे.

असा अर्थ हाती नसला की लोक तो तयार करतात. जॅकलीन टोबिन आणि रेमंड डोबार्ड यांच्या ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ (१९९९) या पुस्तकात म्हटले आहे की, पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवण्यासाठी गोधड्यांत सांकेतिक खुणा शिवलेल्या असत. गोष्ट इतकी गोड की अमेरिकेत शाळाशाळांतून ती शिकवली गेली. आधार मात्र मुख्यतः चार्ल्स्टनच्या बाजारात गोधड्या विकणाऱ्या एका बाईच्या तोंडच्या हकिकतीचा. सुटून गेलेल्या गुलामांच्या आत्मकथनांत या खुणांचा पत्ता नाही, असे इतिहासकारांनी दाखवून दिले. तरी गोष्ट काही मरत नाही.

मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘एलियस ग्रेस’ (१९९६) या कादंबरीत अर्थ शोधणारा एक डॉक्टर आहे आणि त्याची छान फजिती आहे. १८४३ साली कॅनडात मालक आणि त्याची घरकारभारीण यांचा खून झाला. सोळा वर्षांची आयरिश मोलकरीण ग्रेस मार्क्स त्यात दोषी ठरली, तिला जवळजवळ तीस वर्षे कैद झाली आणि १८७२ साली माफी मिळाली. एवढा इतिहास. कादंबरीतला तरुण डॉक्टर तिच्या स्मृतीत शिरू पाहतो. कधी सफरचंद आणतो, कधी बटाटा, म्हणजे त्यावरून तिला तळघर आठवेल आणि तळघरावरून प्रेते. ग्रेस समोर बसून गोधडीचे तुकडे जोडते आणि भाज्यांविषयी भाज्यांपुरतेच बोलते. प्रकरण-विभागांना गोधडीच्या नमुन्यांची नावे दिली आहेत. पहिल्या शंभर पानांत मला तो नखरा वाटला. पुढे लक्षात येते की बातम्या, पत्रे, कबुलीजबाब असे तुकडे जोडूनच हे पुस्तक शिवले आहे. अखेरीस ग्रेस प्रथमच स्वतःसाठी गोधडी करायला घेते. तिच्यात मेलेल्या मैत्रिणीच्या परकराचा, आपल्या तुरुंगातल्या झग्याचा आणि खून झालेल्या नॅन्सीच्या पोशाखाचा, असे तीन तुकडे शेजारी शेजारी बसवते. ती दोषी होती का? गोधडी ते सांगत नाही, आणि लेखिकाही नाही.

हे सगळे समुद्रापलीकडचे झाले. आपल्या उपखंडात यांतल्या बहुतेक पुस्तकांच्या आधीच बंगालीत एक पुस्तक होऊन गेले आहे. जसीमुद्दीन यांचे ‘नक्षी कांथार माठ’ हे कथाकाव्य १९२९ सालचे. कांथा म्हणजे जुन्या साड्यांच्या थरांवर भरतकाम केलेली बंगाली गोधडी, आपल्या वाकळेची सख्खी बहीण. शेतावरच्या मारामारीनंतर रूपाई परागंदा होतो. मागे राहिलेली साजू दोघांचा संसार टाक्यांनी कांथेवर भरत बसते, लग्न, घर, ताटातूट, सगळे. मरताना ती कांथा आपल्या कबरीवर पसरायला सांगते, आणि पुढे एके दिवशी तिथेच, ती पांघरलेला रूपाई मेलेला सापडतो. ही गोधडी वाचायला वकील लागत नाही, डॉक्टरही नाही. ती एकाच माणसासाठी लिहिलेली होती आणि त्याला ती वाचता आली. ई. एम. मिल्फर्ड यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९३९ साली निघाला.

दिवाळीच्या सुटीत यांतले एकच वाचायचे तर ग्लास्पेलची कथा घ्यावी. पाऊण तासात होते. आणि एखाद्या महिला मंडळाला स्नेहसंमेलनासाठी एकांकिका हवी असेल, तर ‘ट्रायफल्स’ जरूर पाहावी. पात्रे पाचच, तीन पुरुष आणि दोन बायका. नेपथ्याला एक स्वयंपाकघर पुरते. गोधडी मात्र घरची, अर्धवट शिवलेली आणावी, आणि एक ठिगळ मुद्दाम वाकडे शिवून ठेवावे.