मणी कौल आणि कुमार शहानी यांना एका दालनात समोरासमोर आणा

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. पाणीपट्टी, खड्डे, टेंडर यातलं काही नाही, विषय सिनेमाचा आहे. पण पैसा सरकारी म्हणजे आपलाच होता, म्हणून इथे लिहितोय.

२००६ साली स्पेनमधल्या बार्सिलोनात एक प्रदर्शन भरलं होतं. त्यात दोनच दिग्दर्शक होते, स्पेनचा व्हिक्टर एरिसे आणि इराणचा अब्बास कियारोस्तामी. दोघं १९४० च्या जूनमधले, जन्मात आठ दिवसांचं अंतर. आयोजकांनी दोघांना एकमेकांना पत्रं लिहायला लावली, कागदावर नाही, व्हिडिओवर. एरिसेने एका चित्रकाराच्या अंगणातलं फळझाड दाखवलं. पुढे कियारोस्तामीच्या एका पत्रात तसलंच फळ पाण्यात पडून वाहत वाहत मेंढपाळापर्यंत पोचतं. पुढच्या वर्षी हे प्रदर्शन पॅरिसला गेलं. दोन माणसं शेजारी ठेवली की प्रत्येकाचं वेगळेपण नीट दिसतं, एवढी साधी त्यामागची युक्ती.

आपल्याकडे ही युक्ती मणी कौल आणि कुमार शहानी यांच्यासाठी वापरायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कारण या दोघांची नावं आपण कायम एका दमात घेतो. दोघं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, दोघं ऋत्विक घटकांचे विद्यार्थी. फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँचा दोघांवर प्रभाव. शहानींनी तर फ्रान्सला जाऊन त्याच्या हाताखाली काम केलं. दोघांचे पहिले मोठे सिनेमे सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशावर झाले, कॅमेरामनही एकच, के. के. महाजन. आणि शिव्याही एकत्रच खाल्ल्या. १९७४ मध्ये खुद्द सत्यजित राय यांनी एकाच लेखात शहानींच्या ‘मायादर्पण’वर आणि कौल यांच्या ‘दुविधा’वर कोरडे ओढले. तेव्हापासून ‘संथ, कळत नाही’ हा एकच शिक्का दोघांच्या कपाळावर बसलाय.

आता एका भिंतीवर कौल यांचा ‘उसकी रोटी’ लावा आणि समोरच्या भिंतीवर ‘मायादर्पण’. पहिल्यात एक बाई बस ड्रायव्हर नवऱ्यासाठी रोटी घेऊन थांब्यावर उभी राहते. बस येते, जाते, नवरा कधी येतो कधी नाही. (एसटीची वाट बघण्यातला वेळ आपल्या तालुक्याला कुणी समजावून सांगायला नको.) सिनेमा काळापांढरा, आणि कौल यांनी मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या, २८ आणि १३५ मिलिमीटरच्या. एक प्रत्यक्ष जगासाठी, दुसरी तिच्या मनातल्यासाठी. मग पुढे मुद्दाम त्यांची सरमिसळ केली. बघता बघता आपल्यालाही कळेनासं होतं, की ती खरंच थांब्यावर आहे की फक्त कल्पना करतेय. समोर ‘मायादर्पण’मध्ये जमीनदाराची मुलगी पडक्या वैभवाच्या हवेलीत फिरते, आणि तिथे गोष्ट पुढे नेतात ते रंग. भिंतींचे, साड्यांचे. शेवटी तर थेट छाऊ नृत्य. कॅमेरामन तोच, तरी एकाची फ्रेम दुसऱ्याच्या सिनेमात चुकूनही बसणार नाही.

पुढच्या दालनात संगीत. कौल धृपद शिकले, झिया मोहिउद्दीन डागरांकडे. या डागरांचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला होतं. फिल्म्स डिव्हिजनसाठी कौल यांनी १९८२ मध्ये ‘ध्रुपद’ केला. शहानी ख्यालाकडे गेले. त्यांच्या ‘ख्याल गाथा’त शरच्चंद्र आरोलकर, नीला भागवत अशी ग्वाल्हेर घराण्याची मंडळी ऐकू येतात. एक माणूस आलापासारखा एकेका शॉटमध्ये मुरत जातो, दुसरा ख्यालासारखा कथा, इतिहास, नाच सगळं गुंफत जातो. गाणं ऐकणाऱ्याला हा फरक पाच मिनिटांत कळेल, सिनेमाचा कोर्स केलेला नसला तरी. मला स्वतःला शहानी जास्त अवघड जातात, पण जास्त काळ मनात राहतात तेही तेच.

‘तरंग’चंच घ्या. ‘मायादर्पण’नंतर बारा वर्षांनी, १९८४ मध्ये आला. स्मिता पाटील, अमोल पालेकर. गिरणीमालक, कामगार, संप आणि शेवटी एकदम उर्वशी-पुरुरवा! हे उर्वशी-पुरुरवा आले दामोदर कोसंबींच्या लिखाणातून. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहिलेले कोसंबी शहानींचे गुरू. हे आपल्याच घरातलं आहे, पण आपल्याला सांगतं कोण?

आणि कौल यांचा तर चक्क एक मराठी सिनेमा आहे. तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’, १९७६ सालचा, चार दिग्दर्शकांनी मिळून केलेला, त्यातले एक मणी कौल. ओम पुरींचा पहिला सिनेमा. त्याची प्रिंट बर्लिनच्या आर्सेनल संस्थेकडे होती, डिजिटल प्रतही त्यांनीच केली आणि २०१४ मध्ये तिथल्या महोत्सवात दाखवली. पुण्याच्या पेशवाईवरचा मराठी सिनेमा जर्मनांनी सांभाळला! पुण्यात फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून आहे.

कुणी म्हणेल, प्यायला पाणी नाही आणि याला प्रदर्शनं सुचतायत. पाण्यावरही लिहितो की दर आठवड्याला. पण जनतेच्या पैशातून झालेले सिनेमे जनतेनं बघितलेच नसतील, तर तोही हिशोब मागायला हवा. ‘लोकांना कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी लोकांना दाखवलं कधी? नेटवर सापडतात त्या बहुतेक प्रती धुरकट. ज्या सिनेमात रंग हीच भाषा, तो मोबाइलवर धुक्यात बघून ‘बोअर’ म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

फार काही लागत नाही. आधी पुण्यात एक नीट प्रदर्शन, मग तेच आटोपशीर करून जिल्ह्याजिल्ह्यात. चार पडदे, चांगले स्पीकर, मराठीत माहितीचे फलक, संध्याकाळी एक पूर्ण सिनेमा. आपली नाट्यगृहं वर्षातले निम्मे दिवस सत्कार समारंभांना देतात, त्यातले तीन दिवस इकडे द्या. कौल २०११ मध्ये गेले, शहानी २०२४ मध्ये. त्यांच्यासोबत काम केलेली माणसं आज आहेत, बोलू शकतात. पाच वर्षांनी किती असतील?

२०२२ पासून फिल्म अर्काइव्ह आणि फिल्म्स डिव्हिजन दोन्ही एनएफडीसीकडे आहेत, म्हणजे दहा दारं झिजवायची गरज नाही. एनएफडीसीला द्यायच्या पत्राचा मसुदा मी केलाय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारपर्यंत कळवा. नाट्यगृहाच्या तारखांसाठी वेगळा अर्ज सोमवारी देतोय.