तेरा दिवसांचा प्रश्न

फुटबॉल लीगच्या नोंदणीचा फॉर्म भरायला बसलं की पहिला रकाना नावाचा असतो आणि दुसरा जन्मतारखेचा. दोन्ही मिळून मिनिटभराचं काम. आमच्या घरी पहिल्या रकान्याने दोन आठवडे खाल्ले आणि दुसऱ्याने एक अख्खी रात्र.

नावाचं आधी सांगते, कारण परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांना ते हमखास नडतं. आम्ही बंगळुरात राहतो. इकडे नावापुढे एखादं अक्षर लावलं की काम भागतं. शाळेने आमच्या मुलाचं आडनाव काढून टाकलं आणि बापाच्या नावाचं एक अक्षर मागे चिकटवलं. आधारकार्डावर मात्र आपल्या पद्धतीने मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जन्मदाखल्यावर आडनाव आधी. तीन कागद, तीन मुलं. लीगची नोंदणी आईबाप थेट करत नाहीत, क्लब किंवा अकादमी करते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ‘सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टीम’ आहे, सगळे सीआरएस म्हणतात. तिच्यात मुलाचं नाव एकदा गेलं की तोच त्याचा क्रमांक, आणि पुढे क्लब बदलला तरी तीच नोंद त्याच्यामागे चालत येते. म्हणून स्पेलिंगची चूक पहिल्याच दिवशी निस्तरलेली बरी. आणि घरातला जन्मदाखला आज एकदा काढून बघाच. पुष्कळ दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधीच जन्माची नोंद झालेली असते. नाव नंतर घालता येतं, पण त्याला पंधरा वर्षांची मुदत आहे.

आता दुसरा रकाना. मुलगा १९ डिसेंबरचा. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. शाळेचं वर्ष जूनचं, खेळाचं जानेवारीचं. त्यामुळे वर्गातली, बिल्डिंगमधली, रोज संध्याकाळी एकत्र खेळणारी त्याची सगळी टोळी तेरा वर्षांखालच्या संघात बसली आणि हा एकटा पंधरा वर्षांखालच्या संघात ढकलला गेला. तिथे त्याच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठी मुलं होती. एकाला तर मिशी फुटली होती.

अकादमीतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, मुलावर जीव होता त्याचा. म्हणाला, “मॅडम, फक्त तेरा दिवसांचा प्रश्न आहे. डिसेंबरचं जानेवारी करायचं. दाखला मिळतो करून. सगळेच करतात.”

सगळेच करतात हे अगदी खोटं नाही. आपल्याकडे वयचोरी इतकी मुरलेली आहे की २०१० साली केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाला त्यासाठी वेगळी राष्ट्रीय संहिता काढावी लागली. क्रिकेटमध्ये आणि फुटबॉलमध्येही मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. टीडब्ल्यू-३ म्हणतात त्या पद्धतीला. तीही बिनचूक नाही. लवकर वाढणारं खऱ्या वयाचं मूल तिच्यात अडकू शकतं आणि सावकाश वाढणारं जास्त वयाचं मूल सुटू शकतं. कागद तर त्याहून बोलका असतो. जन्मदाखल्यावर जन्मतारखेबरोबर नोंदणीची तारीखही छापलेली असते. जन्म एकवीस दिवसांत नोंदवायचा असतो, वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मूल बारा वर्षांचं आणि नोंदणी गेल्या महिन्यातली, असा दाखला पाहिला की तपासणाऱ्याच्या भुवया चढणारच.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून खरोखर विचार करत होतो, हे कबूल करते. दोन वर्षं नाही, सहा महिने नाही, तेरा दिवस! डॉक्टरांनी दिलेली तारीख ४ जानेवारीची होती, तोच घाईने बाहेर आला, इथपर्यंत माझी मजल गेली. मुलगा पाणी प्यायला उठला होता. दारात उभं राहून त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग माझा वाढदिवस कधी करायचा? शाळेत एक आणि ग्राउंडवर एक?”

नवरा हसला. मला हसू आलं नाही. १९ डिसेंबर असं लिहून मी फॉर्म मिटला.

त्याच सुमारास एक गोष्ट वाचनात आली, तिने माझा राग थोडा उतरला. रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवून दिलं की तिथले आइस हॉकीचे निवडलेले खेळाडू वर्षाच्या पहिल्या महिन्यांतले जास्त, शेवटच्या महिन्यांतले कमी. कारण त्यांचेही वयोगट १ जानेवारीपासून. दहा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचा फरक म्हणजे दोन-तीन बोटं उंची. प्रशिक्षकाला उंच मूल हुशार वाटतं, त्याला जास्त खेळवतात, जास्त खेळल्याने ते खरंच हुशार होतं. बेल्जियममध्ये तर याचा जणू प्रयोगच झाला. तिथे फुटबॉलचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं, १९९७ पासून ते १ जानेवारीला आणलं. वर्नर हेल्सन आणि सहकाऱ्यांनी आधीचा हंगाम आणि नंतरचा हंगाम ताडून पाहिले. ऑगस्टच्या मुलांचं पारडं खाली आलं, जानेवारीच्या मुलांचं वर गेलं. मुलं तीच, पाय तेच, फक्त कॅलेंडर हललं.

म्हणजे रेघ कुठेही ओढली तरी कुणीतरी तिच्या चुकीच्या बाजूला पडणारच. आम्ही तेरा दिवस सरकवले असते तर तेरा वर्षांखालच्या संघातून आमच्या खालच्या मजल्यावरचा, नोव्हेंबरातला, आमच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असलेला मुलगा बाहेर गेला असता. त्याची आई माझ्याकडून इडलीचं पीठ नेते.

मग हंगाम सुरू झाला. तयारीचं थोडक्यात सांगते. शिनगार्डशिवाय रेफरी आत सोडत नाहीत, तो नियमच आहे. दागिना चालत नाही, वर चिकटपट्टी लावूनही नाही. मुलींच्या कानातल्या रिंगांचं हे आदल्या रात्रीच लक्षात ठेवा. आमच्या मुलाच्या मनगटात आजीने बांधलेला काळा दोरा होता. रेफरीने हाताकडे बोट दाखवलं, आणि तो सोडवताना मला सासूबाईंचा चेहरा दिसत होता. तो मी पर्समध्ये ठेवला आणि मॅच संपल्यावर परत बांधला. बूट ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे घेऊ नका, फोड येतात. आणि टर्फवर खेळणार असतील तर बारीक खुंट्यांचे टर्फ शूज वेगळे मिळतात, ते घ्या.

खरी तयारी आमची हवी होती, ती कुणी सांगितली नाही. मुलगा बेंचवर बसणार आणि आपण दोन तास उन्हात उभं राहून तो बसलेला बघणार, याची तयारी.

पहिल्या चार मॅचेस तो उतरलाच नाही. पाचव्या मॅचला शेवटची सहा मिनिटं मिळाली. त्यात चेंडू त्याच्याकडे एकदा आला आणि त्या मिशीवाल्याच्या जातीच्या एका भल्या मोठ्या मुलाने खांद्याने ढकलून तो घेऊन टाकला. मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. माझ्या शेजारी उभे असलेले एक वडील त्यांच्या मुलाला “होडी, होडी!” म्हणून ओरडत होते. कानडीत होडी म्हणजे मार. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी मला हळूच विचारलं, “इथे होडी कुठे दिसतेय गं?” मला हसू फुटलं आणि माझं ओरडणं थांबलं, ते बरंच झालं. मुलाने नंतर सांगितलं की त्याला मैदानात सगळ्यांत स्पष्ट माझाच आवाज येतो. “आणि मग कोच काय सांगतात ते ऐकू येत नाही.”

तेव्हापासून मी कॉर्नरच्या झेंड्यापाशी, सगळ्यांपासून लांब उभी राहते. थर्मास आणि संत्री घेऊन. परतताना गाडीत मॅचचा विषय काढायचा नाही, असं नवऱ्याने आणि मी ठरवलं. पहिल्या दिवशी सिल्क बोर्डच्या सिग्नलपर्यंत गाडीत चिडीचूप. मग मागून आवाज आला, “मी चुकीच्या पायावर होतो, म्हणून पडलो.” आम्ही काही बोललो नाही. तो बोलत राहिला. चेंडू येण्याआधी मागे बघायला हवं होतं, उजवा खांदा आधी लावायला हवा होता, असं बरंच काही. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. बारा वर्षांच्या मुलाने स्वतःहून सलग वीस मिनिटं बोलणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, ते घरात त्या वयाचं मूल असणाऱ्यांना ठाऊक आहे.

खालच्या मजल्यावरचा नोव्हेंबरवाला तेरा वर्षांखालच्या संघात सगळ्या मॅचेस खेळला. त्याने तीन गोल केले, त्याचे पेढे आम्ही खाल्ले. आमच्या मुलाच्या वाट्याला साऱ्या हंगामात मोजून बावन्न मिनिटं आली. मोजून म्हणते, कारण त्याने ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत. मॅच, तारीख, मिनिटं.

परवा नव्या हंगामाचा फॉर्म आला. पंधरा वर्षांखालच्या गटाची रेघ एका वर्षाने पुढे सरकली, मिशीवाला वरच्या गटात गेला. आमचा मुलगा तिथेच आहे, आता त्याच्या जन्मवर्षाची मुलं गटातली सर्वांत मोठी. त्यांच्यात हा शेवटचा. या वेळी फॉर्म त्याने स्वतः भरला. जन्मतारखेच्या रकान्यात १९ डिसेंबर इतकं ठळक गिरवलं की मागच्या कागदावर उमटलं.