अंगणातली जुनी गाडी : भंगार कोणी ठरवायचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत दोन शेजाऱ्यांचे भांडण झाले. कारण काय, तर एक बंद पडलेली रिक्षा. चाळीच्या तोंडाशी, अर्धी अंगणात आणि अर्धी गल्लीत, ती तीन वर्षे उभी होती. हूड फाटलेले, पुढचे चाक बसलेले, मागच्या सीटवर मांजराने घर केलेले. रिक्षावाले काका आता सत्तरीला आले आहेत. याच रिक्षावर त्यांनी बावीस वर्षे संसार ओढला, एका मुलीला नर्स केले, दुसरीला शिक्षिका. कोणी म्हटले, "काका, आता द्या ती भंगारात," की त्यांचे उत्तर ठरलेले : "इंजिन चांगले आहे. दिवाळीनंतर काम काढतो."

समोरच्या ताईंच्या सहा वर्षांच्या मुलाला ताप आला. रक्त तपासले तर डेंग्यू निघाला. पाच दिवस मुलगा रुग्णालयात होता. फवारणीला आलेल्या माणसाने रिक्षाच्या टपावर टाकलेले दोन जुने टायर खाली काढून दाखवले. त्यातल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मग कोणीतरी वॉर्ड ऑफिसात बिननावाचा अर्ज टाकला आणि एका सकाळी रिक्षाच्या काचेवर नोटीस चिकटली. काका म्हणाले, "माझ्या पोटावर पाय दिलात." ताई म्हणाल्या, "माझ्या लेकराच्या जिवावर उठलात." आठ दिवस दोन्ही घरांचे बोलणे बंद!

भगिनी-बंधूंनो, या भांडणात कोण बरोबर, कोण चूक, हे सांगायला मी बसलेलो नाही. पण दोघांनाही नियम ठाऊक नव्हता, हे मात्र खरे. आपल्या बहुतेक वस्त्यांत अशी एखादी स्कूटर, टॅक्सी, टेम्पो उभाच असतो. म्हणून आज हा विषय.

पहिली गोष्ट, गाडी कुठे उभी आहे ते पाहा. सार्वजनिक रस्त्यावर असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२७ लागते. रस्त्यावर दहा तास किंवा त्याहून अधिक वेळ बेवारस सोडलेली गाडी उचलून नेण्याचा हुकूम गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी, वर दंड वेगळा. मुंबईत महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही रस्त्यावर परवानगीशिवाय वस्तू ठेवायला बंदी आहे आणि ती हटवण्याचा अधिकार कलम ३१४ मध्ये आयुक्तांना दिला आहे. इतर शहरांतल्या महानगरपालिकांना १९४९ चा आणि नगरपरिषदांना १९६५ चा कायदा लागू आहे. रस्त्यातला अडथळा दूर करण्याचे अधिकार त्यांनाही आहेत.

गाडी अंगणात असेल तर गोष्ट थोडी निराळी. ते अंगण चाळमालकाचे, म्हाडाचे की सोसायटीचे, त्यावर बरेच अवलंबून असते. सोसायटी असेल तर तिचे उपविधी लागतात. सामाईक जागा सर्वांची असते. "माझ्या दारासमोर आहे" एवढ्याने ती आपली होत नाही. आणि अंगणातल्या सामानाने डास होऊ लागले किंवा आगीच्या वेळी वाट अडू लागली, की पालिका अंगणातही नोटीस देऊ शकते. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. इमारतीत आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवणे ही मालकाची आणि ती जागा वापरणाऱ्यांची जबाबदारी आहे. आपल्या गल्ल्या मुळातच अरुंद. त्यात एक मोडका टेम्पो आडवा असला, तर अग्निशमन दलाचा बंब नाक्यावरच थांबेल. तेव्हा कोणाला दोष देणार?

आता टायरांविषयी. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला साचलेले स्वच्छ पाणी लागते. टायर कसाही ठेवा, त्याच्या पोटात थोडे पाणी राहतेच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. शिवाय त्याची अंडी पाण्याच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पहिला पाऊस पडला की ती पुन्हा जिवंत होतात. डेंग्यू पसरवणारा याच जातीचा दुसरा एक डास आशियातून जुन्या टायरांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत गेला आणि १९८५ साली टेक्सास राज्यात त्याने बस्तान बसवल्याचे आढळले. जुने टायर समुद्रापार रोग नेतात, तर समोरच्या खोलीपर्यंत नेणार नाहीत काय? म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी पिंप, बादल्या, टायर, कुंड्या, सगळे रिकामे करून आतून घासा. नुसते पाणी ओतून दिल्याने अंडी जात नाहीत. नको असलेला टायर घरात ठेवूच नका. गाडीची जुनी बॅटरीही अशीच. तिच्यात शिसे आणि आम्ल असते, मुलांच्या हाती ती लागता कामा नये. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग पालिकेने सरळ उचलूनच न्यावे. इथे आपण जरा थांबले पाहिजे. आपल्या माणसांना या कलम ३१४ ची जुनी ओळख आहे. १९८१ साली मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला निघाले, ते याच कलमाच्या आधारे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली निकाल लागला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. कलमात 'नोटिशीशिवाय' असे शब्द असले तरी एरवी माणसाला आधी कळवावे, त्याचे म्हणणे ऐकावे, असेही सांगितले. कलम मात्र रद्द केले नाही आणि झोपड्या पावसाळा संपल्यावर हटवायला मोकळीक दिली. म्हणजे अधिकार शाबूत राहिला, पण माणसाला विचारल्याशिवाय तो वापरू नये हे ठरले. हा धडा लहान नाही.

कारण बंगल्यातली दहा वर्षे झाकून ठेवलेली मोटार 'जुनी आठवण' म्हणवते आणि चाळीतली रिक्षा 'भंगार' म्हणवते. रात्री दारात उभी असलेली भाजीची हातगाडी, शिलाईचे लोखंडी टेबल, उसाच्या रसाचा चरक, हे कोणाला कचरा दिसेल; पण ती त्या घराची भाकर आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. माल जप्त केला तर त्याची यादी करून दिली पाहिजे. न सडणारा माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत आणि सडणारा त्याच दिवशी परत दिला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. हे कागद आपल्याजवळ असू द्या. नोटीस आली तर फाडू नका. तिच्यावरची तारीख आणि मुदत वाचा, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. मुदत वाढवून हवी असेल तर कारण लिहून मागा. गप्प बसणाऱ्याच्या वतीने कोणी बोलत नाही.

पण हक्क मागायचा तर आपली बाजूही स्वच्छ हवी. सर्वांत मोठी चूक आपण कागदाची करतो. गाडी बंद पडली म्हणजे ती सरकार दरबारी संपली, असे आपण समजतो. तसे नाही. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे १९८८ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते. ते केले नाही तर दारात गंज चढत असतो आणि तिकडे नोंदवहीत आपले नाव तसेच राहते. कित्येक जण गाडी ओळखीच्या माणसाला तोंडी व्यवहाराने देऊन टाकतात. पुढे त्या गाडीने अपघात झाला तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितले की, गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईसाठी तोच मालक. म्हणजे गाडी चालवायची दुसऱ्याने आणि भरपाई भरायची आपण!

गाडी मोडीत काढायची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे सरकारकडे नोंदणी असलेली मोडीत काढण्याची केंद्रे आहेत. गाडीचे नोंदणी पुस्तक आणि आपले ओळखपत्र घेऊन जावे. गाडीवर कर्जाची नोंद असेल तर ती आधी काढून घ्यावी लागते. केंद्र गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र देते आणि मोडल्यावर मोडल्याचे. दोन्ही जपून ठेवा. जमा केल्याच्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्काची माफी आणि करात सवलत मिळण्याची तरतूद आहे. केंद्राने या सवलतीची कमाल मर्यादा खासगी गाडीला २५ टक्के आणि भाड्याच्या गाडीला १५ टक्के ठेवली. आपल्या राज्यात किती मिळते ते आरटीओत विचारून घ्या. भंगारवाला भाऊही मेहनतीचे काम करतो, त्याला पत्रा, डबे, रद्दी जरूर द्या. पण नंबर असलेली गाडी नुसते लोखंड समजून देऊ नका.

आणि एक नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत उभी असलेली स्कूटर गेलेल्या माणसाची असते. ती विकायला हात उठत नाही. हात उठेल तेव्हा उठो, पण कागद थांबवू नका. मालक वारल्याचे वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. भगिनींनो, हा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. दिरावर किंवा भाच्यावर सोपवून विसरू नका.

आता काकांच्या रिक्षाचे काय झाले ते सांगतो. विहारात चाळीची बैठक झाली. ताई आल्या, काकाही आले. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने काकांच्या नावाने मुदत मागणारा अर्ज लिहिला, ती मिळाली. आरटीओत गेल्यावर कळले की नऊ वर्षांपूर्वी फेडलेले कर्ज अजून नोंदीत तसेच होते. तो दाखला आणायला तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला काकांना चक्कर आली. त्यामुळे तिसऱ्या खेपेला ताईंचे यजमान रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. रिक्षा नेली त्या दिवशी काकांनी मीटर तेवढा काढून ठेवला. तो त्यांच्या घरात फळीवर आहे.

बिननावाचा अर्ज कोणी दिला, ते आजपर्यंत कळले नाही आणि आता कोणी विचारतही नाही. पण बैठकीत एक गोष्ट ठरली. यापुढे कोणाच्या सामानाचा त्रास झाला तर आधी त्याच्या दारात जाऊन सांगायचे, महिन्याची मुदत द्यायची, कागदाच्या कामाला एकाने सोबत जायचे, आणि एवढे करूनही ऐकले नाही तरच अर्ज द्यायचा, तोही सह्यांनिशी.

भंगार काय आणि भाकर काय, हे आपल्या अंगणात आपणच वेळेवर ठरवले पाहिजे. आपण टाळले तर ठरवायला बाहेरचा माणूस येतो, आणि त्याला काकांची बावीस वर्षे दिसत नाहीत, ताईंचे पाच दिवसही दिसत नाहीत. त्याला फक्त नंबर दिसतो.

आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला एक मोटारसायकल टेकलेली आहे. तिचा मालक कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. येत्या रविवारी आम्ही त्याच्या दारात जाणार आहोत. तुमच्या अंगणातही या रविवारी एक फेरी मारा.