आधी प्रत, मग किंमत

सोने घेणारा ग्राहक हॉलमार्क पाहतो, काट्यावरचे वजन पाहतो आणि त्या दिवसाचा भाव विचारून घेतो. तोच ग्राहक हिऱ्याच्या अंगठीपुढे मात्र केवळ तिच्या लखलखाटावर भिस्त ठेवतो. वास्तविक जेथे मोल अधिक, तेथे पारखही अधिक हवी.

गोंधळ ‘कॅरेट’ या शब्दापासूनच सुरू होतो. सोन्यात कॅरेट शुद्धता सांगतो, तर हिऱ्यात वजन. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. वजन, रंग, निर्मळता आणि पैलूकाम या चार निकषांवर हिऱ्याची प्रत ठरते. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका अर्थात ‘जीआयए’ या संस्थेची प्रतवारी आज जगभर प्रमाण मानली जाते. तीनुसार रंगाची श्रेणी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत असते, ‘डी’ म्हणजे पूर्णतः रंगहीन, आणि पुढे पिवळसर छटा वाढत जाते. निर्मळतेच्या अकरा पायऱ्या दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली ठरवितात.

या चौघांत वजनाचा बोलबाला सर्वाधिक; पण हिऱ्याचे तेज मुख्यत्वे पैलूकामावर अवलंबून असते. पैलूंचे कोन चुकले, तर आत शिरलेला प्रकाश डोळ्यांकडे न परतता तळातून निसटतो. मोठा पण निस्तेज खडा घेण्यापेक्षा थोडा लहान, परंतु उत्तम घडविलेला खडा घेणे केव्हाही शहाणपणाचे. रंगातील एखाद्या पायरीचा फरक पिवळ्या सोन्याच्या कोंदणात सामान्य नजरेस जाणवतही नाही. त्यासाठी मोजलेली रक्कम मात्र नक्कीच जाणवते.

प्रतवारीचे प्रमाणपत्र आवश्यकच आहे. तथापि ते गुण सांगते, किंमत नव्हे. ही वस्तुस्थिती अनेकांना उमगते ती बँकेच्या दारात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार तारण दागिन्याचे मूल्य केवळ त्यातील सोन्या-चांदीवरून ठरते. खड्यांचे मोल त्यात धरले जात नाही. अडचणीच्या वेळी हा नियम कठोर वाटतो, परंतु तो अन्याय्य नाही. सोने वितळवून त्याच दिवशीच्या भावाने विकता येते. हिऱ्याचा प्रत्येक खडा निराळा, आणि त्यास सोन्यासारखा सर्वमान्य दैनिक भाव नाही.

प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यांमुळे जागरूकतेची निकड आणखी वाढली आहे. रासायनिकदृष्ट्या तेही हिरेच; परंतु त्यांची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या तुलनेत फारच कमी असते आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंत भेद करता येत नाही. अशा हिऱ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएने रंग-निर्मळतेच्या जुन्या श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ अशी वर्गवारी स्वीकारली, ती याच दृष्टीने उचित म्हणावी लागेल.

यास्तव हिरा जरूर घ्यावा, पण हौस म्हणून. अडीनडीची पुंजी म्हणून नव्हे. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन व प्रत आणि तो नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, याची स्वतंत्र नोंद आग्रहाने करून घ्यावी. सोन्यावरचा हॉलमार्क हिऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. ते विचारण्याची जबाबदारी ग्राहकाचीच आहे.