बाजार हटवू नका, आखून द्या

बुधवारी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत आमच्या ले-आउटमधून गाडी बाहेर काढायची असेल, तर आधी आलूबोंडेवाल्याची परवानगी लागते. त्याचा ठेला बरोबर कोपऱ्यावर असतो. तो ठेला थोडा सरकवतो, शेजारची लसणवाली पोतं ओढून घेते, चपलांच्या दुकानाची दोरी कुणीतरी वर धरतं आणि तुम्ही मान खाली घालून बाइक काढता. वर्धा शहराच्या आजूबाजूला रूम करून राहत असाल, तर हे सगळं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

महिनाभरापूर्वी अशाच एका बुधवारी आमच्या शेजारच्या आजींना दम लागला. 108 ला फोन गेला. गाडी लवकर आली, पण कोपऱ्यावर अडकली. बाजारवाल्यांनीच पाल सोडले, पोती उचलली. तोवर पोरांनी आजींना खुर्चीत बसवून गर्दीतून गाडीपर्यंत नेलं. आजी बऱ्या होऊन घरी आल्या, हे आधीच सांगून टाकते. पण त्याच रात्री ले-आउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अर्ज फिरला. आठवडी बाजार कायमचा बंद करा, अशी मागणी होती. दुसऱ्या दिवशी त्याची प्रिंट काढून एक काका सहीसाठी आमच्या दारात उभे होते.

मी सही केली नाही. का केली नाही ते सांगते, पण आधी त्या काकांची बाजू मांडते, कारण ती खोटी नाही. त्यांनी आयुष्यभराची कमाई घालून प्लॉट घेतला, घर बांधलं. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांचं फाटक उघडत नाही. गुरुवारी सकाळी दारात सडक्या पत्ताकोबीची पानं, पन्न्या आणि त्यावर तुटून पडलेली गुरं. बाजारात कुठेही शौचालय नाही, त्यामुळे रिकाम्या प्लॉटच्या भिंतीचं काय होतं ते लिहायला नको. त्यात कुणीतरी माइकवर एकच रेकॉर्ड तीन तास वाजवतं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि भोंगा लावायला लेखी परवानगी लागते. ती कुणी घेत नाही, कुणी विचारतही नाही. तेव्हा काकांना ‘गरिबांचा विरोधक’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही.

आता दुसरी बाजू. माझ्या वर्गातला एक मित्र बुधवारी कॉलेज सुटलं की सरळ बाजारात जातो, आईच्या दुकानावर बसायला. त्याची आई आठवड्यातून सहा बाजार करते, रोज वेगळं गाव. पहाटे माल घ्यायचा, दुपारी गाडीत टाकायचा, रात्री उरलेला परत न्यायचा. मी त्याला तो अर्ज मोबाइलवर दाखवला. त्यानं पूर्ण वाचला आणि एवढंच विचारलं, “मग आईनं बुधवारी कुठं बसायचं?” अर्जात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यात त्याच्या आईसाठी एकच शब्द होता, ‘अतिक्रमणधारक’. सहा बाजारांतला एक बंद झाला, तर त्या घराच्या आठवड्याच्या कमाईतला साधारण सहावा हिस्सा जातो. कदाचित त्याच्या कॉलेजच्या फीचाच.

आणि आपण? सांबार, पालक, पावभर मिरची घेऊन रूमवर स्वयंपाक करणारे विद्यार्थी या बाजाराचे पक्के गिऱ्हाईक आहेत. रात्री साडेआठनंतर भाव पडतात, हे आपल्याला पाठ असतं. ज्या आजींना त्या दिवशी दम लागला, त्यासुद्धा एरवी याच बाजारात जातात. त्यांना ऑटो करून शहरात जायला लागत नाही, म्हणूनच त्या आपली भाजी आपण घेऊ शकतात. म्हणजे बाजारामुळे ज्यांची वाट अडली, त्यांनाच बाजार दारात असण्याची गरजही सगळ्यात जास्त आहे.

बाजार आधी की वस्ती आधी, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. वर्ध्यातल्या इतवाऱ्याच्या नावातच इतवार आहे. नागपूरला इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा वाराच्या नावांचे भागच्या भाग आहेत. आठवडी बाजार आणि वस्ती आपल्याकडे एकमेकांना धरूनच वाढल्या. त्यामुळे बाजार म्हणजे वस्तीवर आलेलं संकट, ही मांडणी मला पटत नाही. प्रश्न बाजाराला शिस्त कोण लावणार, हा आहे. इथं कायदा काय म्हणतो ते बघायला हवं.

1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की रस्त्यावर माल विकणं हा संविधानाच्या कलम 19 मधल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग आहे. त्याचबरोबर हेही सांगितलं, की त्यावर वाजवी बंधनं घालता येतात आणि अमुक एका जागेवरच बसेन, असा हक्क कुणाला सांगता येत नाही. याच विचारातून पुढे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 आला. नाव लांबलचक आहे, पण त्यात ‘संरक्षण’ आणि ‘विनियमन’ हे दोन्ही शब्द आहेत, एकमेकांना लागून.

हा कायदा सांगतो, की आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, दर पाच वर्षांनी पुन्हा करा, त्यांना विक्री प्रमाणपत्र द्या आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवू नका. हटवायचंच असेल, तर 30 दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केला आणि तो नाशवंत असेल, तर विक्रेत्यानं मागणी केल्याच्या दिवशीच परत करा. ज्या ठिकाणी विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं जमत आले आहेत, त्याला कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो आणि सर्वेक्षणात आढळलेल्या अशा बाजाराला ‘ना-विक्री क्षेत्र’ जाहीर करता येत नाही. दुसऱ्या बाजूनं विक्रेत्यांवरही बंधनं आहेत. जागा स्वच्छ ठेवायची, ठरलेल्या वेळेत बसायचं, अटी मोडल्या तर दंड भरायचा.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती या कायद्यातली नगर पथविक्रेता समिती. तिच्यात 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या असतात आणि त्यातल्या एक तृतीयांश महिलांच्या. त्याच समितीत वाहतूक पोलीस, नियोजन प्राधिकरण, व्यापारी संघटना आणि रहिवाशांच्या संघटनांनाही स्थान आहे. म्हणजे आमच्या ले-आउटचे काका आणि माझ्या मित्राची आई एका टेबलावर समोरासमोर बसतील, अशी सोय कायद्यानं केलेली आहे.

मग आमच्याकडे ते टेबल का नाही? कारण आमचं ले-आउट नगर परिषदेच्या हद्दीत नाही. पिपरी, सावंगी, सिंदी, बोरगाव, नालवाडी, म्हसाळा... तुमच्यातले कितीतरी जण इथंच राहतात. पत्ता सांगताना आपण ‘वर्धा’ सांगतो, पण कारभार ग्रामपंचायतीचा. आणि 2014 च्या कायद्याची भाषा ‘शहर किंवा नगर’ अशी आहे. त्यात महानगरपालिका, नगर परिषद, नगर पंचायत यांची नावं आहेत, ग्रामपंचायतीचं नाव नाही. परिणामी तीच बाई, तेच पोतं, तोच लसण, पण शहराच्या हद्दीत बसली तर तिच्यासाठी प्रमाणपत्र, समिती, नोटीस असा कायदा आहे. रस्ता ओलांडून ले-आउटमध्ये बसली, तर या कायद्यातलं काहीही तिच्या कामाचं नाही. आणि रहिवाशांसाठीही तक्रार घेऊन जायला अशी समिती नाही.

ग्रामपंचायतीचे हात मात्र बांधलेले नाहीत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार तिला बाजार आणि आठवडी बाजारावर फी घेता येते. अनेक ठिकाणी ही वसुली ठेक्यानं दिली जाते. संध्याकाळी हातात पावती पुस्तक घेऊन फिरणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. आमच्याही बाजारात तो दर बुधवारी येतो. माझं म्हणणं साधं आहे. ज्या बाजाराकडून पैसे घेता, त्याची जबाबदारीही घ्या. फी घेताना तो ‘बाजार’ आणि तक्रार आली की ‘अतिक्रमण’, असं चालणार नाही.

करायचं काय, हे सांगायला फार डोकं लागत नाही. आमचा रस्ता मी पावलांनी मोजला, साधारण नऊ मीटर भरला. आज दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटरची दुकानं लागतात, त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभं राहतं आणि मधल्या पट्ट्यात बाइक घुसतात. हीच दुकानं एकाच बाजूनं लावली, गिऱ्हाइकाला दीड मीटर सोडलं, तरी पाच मीटरहून जास्त रस्ता मोकळा उरतो. अ‍ॅम्ब्युलन्स आरामात जाते. दुसऱ्या बाजूची दुकानं मागच्या समांतर रस्त्यावर नेता येतात. त्यासाठी हवा पांढरा पेंट, आखलेले चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला नंबर.

फाटकासमोर आणि कोपऱ्यावर चौकोन आखायचाच नाही. बाजाराची वेळ ठरवायची, समजा दुपारी तीन ते रात्री नऊ. त्या वेळेत बाजाराच्या रस्त्यावर बाइकला बंदी, आपल्यासुद्धा. माइक बंद. बाजार उठल्यावर तासाभरात झाडझूड आणि ओला कचरा वेगळा. आठवडाभराची घाण दारात ठेवून जाणं विक्रेत्यांनाही आवडत नाही, पण टाकायला डबाच नसेल तर ते काय करतील? बाजाराच्या फीतून आधी दिवे, डबे आणि फिरतं शौचालय, मग बाकीचा खर्च. सकाळपासून रात्रीपर्यंत घराबाहेर असलेल्या बायांसाठी शौचालय ही चैन नाही.

ग्रुपवर एक सोपा उपाय नेहमी सुचवला जातो, ‘ओपन स्पेसवर टाका बाजार.’ सांभाळून! ले-आउटमधली मोकळी जागा मुलांच्या खेळण्यासाठी, म्हाताऱ्यांच्या फिरण्यासाठी राखलेली असते. एकाची वाट मोकळी करायला दुसऱ्याचं मैदान घ्यायचं, यानं भांडण फक्त जागा बदलेल.

नियमांची एक भीती माझ्या मित्रानं बोलून दाखवली, ती इथं मांडलीच पाहिजे. चौकोन आखले, की ते कुणाला मिळणार? जो ओळखीचा, त्याला. मग एकाच्या नावावर चार चौकोन आणि ते भाड्यानं देण्याचा धंदा सुरू. भीती खरी आहे. म्हणून यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, एका घराला एकच चौकोन हवा आणि काही चौकोन रोज येईल त्याच्यासाठी मोकळे ठेवायला हवेत. वर्षातून दोनच महिने स्वतःच्या वावरातली अंबाडी, चवळीच्या शेंगा घेऊन येणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच यादीत नसतं. नियम तिलाच बाहेर ठेवणार असतील, तर ते न केलेले बरे. आणि वसुलीची पावती छापील, रक्कम लिहिलेली हवी.

आता तुमचं काम. गावच्या मतदार यादीत नाव असलेला अठरा वर्षांवरचा प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा सहसा ठरलेल्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असलेली संख्या पुरते. एवढी माणसं तर आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये दुपारी असतात! तुमचं नाव मूळ गावच्या यादीत असेल तर तिथल्या ग्रामसभेत जा, आठवडी बाजार तिथंही भरतच असेल. इथले मतदार असाल तर इथं. मी आजवर एकाही ग्रामसभेला गेले नव्हते, हे कबूल करते. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तिथं वाढून ‘ग्रामस्वराज्य’ फक्त परीक्षेत लिहिण्यापुरतं ठेवलं, ही माझी चूक.

काकांकडे मी परत गेले. त्यांना रस्त्याचं मोजमाप दाखवलं. ते लगेच पटले असं नाही. “आखून देतील, पण पाळणार कोण?” असं म्हणाले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एकट्या ग्रामपंचायतीनं देऊन भागणार नाही. म्हणून नव्या अर्जात आम्ही शहरातल्यासारखीच एक बाजार समिती मागितली आहे. त्यात निम्मे विक्रेते, निम्मे रहिवासी आणि दोन विद्यार्थी असावेत. अर्ज ग्रामसभेसमोर ठेवायचा आहे. सध्या त्यावर तीन सह्या आहेत. माझी, माझ्या मित्राच्या आईची आणि दम लागलेल्या त्या आजींची. काकांनी अर्ज वाचायला ठेवून घेतला आहे. येत्या बुधवारी मी तो बाजारात घेऊन फिरणार आहे. तुमच्या वस्तीतला बाजार कोणत्या वारी भरतो, तिथं तुम्हीही टेप घेऊन रस्ता मोजा.