भाच्याचे धुरांडे

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या धुरांड्याविषयी लिहावे, हे पाहून आमचे काही नित्याचे वाचक चष्मा पुसून पुन्हा एकदा वरचे नाव वाचतील, यात शंका नाही. वर्षभर या पानावर मी पेपर तपासणे, पाहुण्यांचे मुक्काम, भाजीवालीशी घासाघीस असल्या घरगुती विषयांवर लिहीत आलो. आणि दिवाळीच्या अंकात, जेथे जरा ऐसपैस मांडी घालून बसायला मिळते, तेथे एकदम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर! पण वाचकहो, गेले दीड महिना आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. चकलीच्या भाजणीचे प्रमाण चालले असतानाही मधेच प्लॅटिनमचा भाव निघत असे.

त्याचे असे झाले. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा हिंजवडीला नोकरीला लागल्यापासून आमच्याकडेच राहतो. त्याचा पगार तीन वर्षांत मामाच्या पगाराच्या पुढे गेला, याबद्दल मामाची काही तक्रार नाही. (मामीची थोडी आहे, पण ती मामाबद्दल.) त्या पगारातून त्याने गेल्या वर्षी जुन्या बाजारात एक परदेशी बनावटीची मोटार घेतली. दोन लिटरचे टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती. कोथरूडहून हिंजवडीला जायला इतके घोडे कशाला लागतात, असे मी एकदाच विचारले. कारण सकाळच्या रांगेत ते दोनशे तीस घोडे एका मरतुकड्या टांग्याच्या चालीने जाताना मी स्वतः पाहिले आहेत. पण तरुणपणी माणसाने काही तरी निरुपयोगी वस्तूवर जीव लावावा, या मताचा मी आहे. मी स्वतः मराठीत एम. ए. केले.

ही गाडी उभी राहते ती माझ्या आईच्या खिडकीखाली. सोसायटीने आम्हाला जागाच ती दिली आहे. आईचे वय ८१, जुना दमा. तिची खोली तळमजल्यावर, आणि खिडकीशी प्राजक्त. आश्विनात पहाटे खिडकी उघडून त्या फुलांचा सडा पाहत बसायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम.

तर एके दिवशी गाडीच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, आणि तो काही विझेना. गॅरेजमधल्या मिस्तरींनी संगणक जोडून सांगितले, "पी शून्य चारशे वीस. कन्व्हर्टर गेला." चारशे वीस हा आकडा ऐकून मी आधी आधीच्या मालकाचाच संशय घेतला, आणि तो पुढे खरा ठरला!

आता हा कन्व्हर्टर म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. परिभाषेत त्याला 'उत्प्रेरक परिवर्तक' म्हणतात. नाव जड असले तरी चुकीचे नाही. उत्प्रेरक म्हणजे दोन पदार्थांत घडणारी क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारा. आमच्या लहानपणी लग्ने जमवणारे एक गृहस्थ असत, त्यांची मला आठवण झाली. दोन्हीकडच्या मंडळींची गाठ घालून द्यावी, दोन्हीकडचे जेवण जेवावे, आणि पुढच्या घरी तितक्याच ताजेपणाने जावे! मोटारीत हे काम प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे तीन मौल्यवान धातू करतात. चिनीमातीच्या किंवा पातळ पोलादी पत्र्याच्या एका ठोकळ्याला मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोके असतात, चौरस इंचात चारशे ते सहाशे. त्यांच्या भिंतींवर हे धातू अगदी थोडे, काही ग्रॅमच, पसरलेले असतात. इंजिनातून विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे आत शिरतात; बाहेर पडताना त्यांचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन झालेला असतो.

मात्र या मध्यस्थाच्या दोन अटी आहेत. एक, हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या आसपासच हवे. दुसरी, तो तापल्याशिवाय कामाला लागत नाही. अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसच्या खाली तो नुसताच बसून राहतो. ही दुसरी अट पुढे आमच्या घरात फार महत्त्वाची ठरली.

याचा मोटारीसाठीचा शोध कोणी लावावा? यूजीन हूड्री नावाच्या फ्रेंच इंजिनियराने, आणि हा गृहस्थ स्वतः मोटारशर्यतींचा शौकीन. खनिज तेलापासून चांगल्या प्रतीचे पेट्रोल काढण्याची उत्प्रेरकी पद्धत त्याचीच. पुढे अमेरिकेत गेल्यावर लॉस एंजल्सच्या धुरक्याने त्याला अस्वस्थ केले आणि १९५० नंतरच्या काळात त्याने मोटारीसाठी कन्व्हर्टर तयार केला. पण त्या वेळी पेट्रोलमध्ये शिसे घालीत, आणि शिसे बसले की उत्प्रेरक मेलाच. हूड्री १९६२ साली वारला. अमेरिकेत गाड्यांना कन्व्हर्टर सर्रास लागले ते १९७५ पासून. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलमध्ये मुंबई-दिल्लीसारख्या चार महानगरांत नव्या गाड्यांना तो आला, आणि त्याच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही. सुटीत काकांकडे गेलो असता दादरच्या पंपावर ती पाटी वाचून "काका, म्हणजे आतापर्यंत आपण शिसे घालत होतो?" असे मी विचारल्याचे आठवते. काकांनी उत्तर दिले नव्हते. सबंध देशातले पेट्रोल २००० साली शिसेमुक्त झाले.

असो. मिस्तरींनी भाच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. पहिली, कंपनीचा अस्सल कन्व्हर्टर. त्याची किंमत एक लाख ऐंशी हजार सांगितली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातली पळी खाली ठेवली. दुसरी, बाजारातला कोणत्याही गाडीला बसणारा, बारा हजारांचा. आणि तिसरी वाट, जी मिस्तरींनी आवाज खाली आणून सांगितली: कन्व्हर्टर काढूनच टाकायचा, सरळ नळी घालायची, इंजिनाच्या संगणकाला 'तिकडे पाहू नकोस' असे शिकवायचे. सात-आठ हजारांत काम. वर दहाएक अश्वशक्ती वाढते, आवाज तर असा की, सर, अंगावर काटा!

भाच्याचे डोळे चमकले. मी मात्र पुस्तकी माणूस. मी वाचायला बसलो. बारा हजारांच्या डब्यात धातू इतके जुजबी असतात, की काही महिन्यांत तो थकतो आणि दिवा पुन्हा लागतो. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात. दोघांची टिपणे सारखी येऊ लागली, की मधला कामचुकार आहे हे संगणक ओळखतो. (परीक्षेत शेजारी बसलेल्या दोघांचे पेपर शब्दशः सारखे आले की आम्ही ओळखतो, तसेच.) शर्यतीच्या शौकिनांसाठी चौरस इंचात दोनशेच भोके असलेले, पोलादी पत्र्याचेही मिळतात. त्यातून धूर मोकळा जातो, पण साफ होण्यासाठी त्याला भिंतही कमी मिळते. युरोपात बदली कन्व्हर्टरला संयुक्त राष्ट्रांच्या नियम १०३ प्रमाणे मान्यता लागते आणि तो क्रमांक डब्यावर कोरलेला असतो. कॅलिफोर्नियात तिथल्या हवा मंडळाच्या आदेशाचा क्रमांक असावा लागतो. एकूण, डबा घ्यायचा तर आधी त्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचावा. तो आपल्याच इंजिनासाठी आहे ना, हे पाहावे. किंमत मग विचारावी.

आम्ही दोघे नाना पेठेत हिंडलो. एका दुकानात डबा हातात घेऊन मी क्रमांक शोधू लागलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "सर, हे काय पुस्तक आहे का?" तिथेच कळले, की जुने, निकामी कन्व्हर्टर घ्यायला मात्र सगळे उत्सुक. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता, आणि त्याच सुमारास इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जाण्याच्या बातम्या गुजरातेतून आणि आपल्याकडूनही येत होत्या. चोरांना जे मोल कळले, ते गाडीच्या मालकांना कळत नव्हते!

रात्री जेवताना मी भाच्याला कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, शिवाय कलम १९० प्रमाणे प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुझी टू-स्ट्रोक स्कूटर वीस वर्षं निळा धूर सोडत होती. आजी मागे बसायची. तेव्हा कोणतं कलम होतं?"

मी आमटी वाढून घेतली. याला उत्तर नव्हते.

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला संकोच वाटतो. चांगला कन्व्हर्टर घ्यायचा तर भाच्याला माझ्याकडून पन्नास हजार उसने हवे होते. सरळ नळी घातली तर नको होते. म्हणून, "मिस्तरी म्हणतात एक दिवस नळी लावून आवाज तर ऐका," असे तो म्हणाला, तेव्हा मी "बघ बाबा, तुझी गाडी," एवढेच बोललो. सगळी कलमे पाठ असलेला माणूस पन्नास हजारांसाठी गप्प बसला.

त्या रात्री साडेदहाला गाडी आली. गल्लीतली कुत्री आधी भुंकली आणि मग चक्क गप्प झाली. सकाळी सात वाजता भाच्याने ती सुरू केली, आणि लॅपटॉपची पिशवी विसरली म्हणून चालूच ठेवून वर आला. तीनएक मिनिटे गेली असतील.

मी चहा घेऊन आईच्या खोलीत गेलो, तर खिडकी लावलेली. आश्विन महिना, बाहेर प्राजक्ताचा सडा, आणि खिडकी बंद! खोलीत पेट्रोलचा उग्र दर्प कोंडला होता. आई पलंगावर वाफेच्या यंत्राचा मुखवटा लावून बसली होती.

"काय झालं?"

तिने मुखवटा जरा बाजूला केला. "काही नाही रे. वारा बोचतोय जरा."

ऑक्टोबरच्या उकाड्यात! नातवाच्या गाडीविषयी अक्षर नाही. दारात भाचा उभा होता, खांद्याला पिशवी. त्याने खिडकीकडे पाहिले, आजीकडे पाहिले आणि काही न बोलता निघून गेला. गाडी त्याने गेटपर्यंत ढकलत नेली. रखवालदाराने मदत केली, असे मागाहून कळले.

तो त्या दिवशी कचेरीत गेलाच नाही. सरळ गॅरेजमध्ये गेला. आणि तिथे मिस्तरींनी, ज्यांना मी मनातल्या मनात बरीच नावे ठेवली होती, फार शहाणपणाची गोष्ट सांगितली. "नवा घालायचा तर आधी जुना का मेला ते बघू. नाही तर पैसे पाण्यात." जुना डबा कापून पाहिला, तेव्हा आतले पोळे एका बाजूने वितळून काचेसारखे झाले होते. आधीच्या मालकाने इंजिनाच्या संगणकात असा बदल करून घेतला होता, की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला म्हणजे धुरांड्यातून फटाके वाजावेत. ते फटाके म्हणजे सिलिंडरात जळायचे पेट्रोल पुढे नळीत जाऊन जळते. त्या आचेत चिनीमातीही टिकत नाही. हाच तो चारशे वीस.

म्हणून पहिले काम, इंजिनाचा संगणक पुन्हा मूळ पदावर. फटाके बंद. दुसरे, स्पार्क प्लग आणि कॉइल तपासणे, कारण एक सिलिंडर चुकत असला तरी तेच पेट्रोल कन्व्हर्टरात जाते. इंजिन ऑइल पीत नाही ना, तेही पाहिले. ऑइलमधला फॉस्फरस उत्प्रेरकाला हळूहळू मारतो. मग युरोपातून मान्यतेचा क्रमांक असलेला, त्याच इंजिनासाठी बनवलेला, चारशे भोकांचा डबा मागवला. पंच्याण्णव हजार. दोनशे भोकांच्या मान्यताप्राप्त डब्यासाठी भाच्याने एकदा माझ्याकडे आशेने पाहिले. पण मीच काही म्हणायच्या आत "नको," असे स्वतःशीच बोलला. पन्नास हजार मी दिले, बिनव्याजी. सौभाग्यवतींनी त्याची नोंद करून ठेवली आहे.

डबा यायला तीन आठवडे लागले. तोवर गाडी गॅरेजात आणि भाचा बसने. बसल्यावर तपासणी केली, तर बेकारीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. हे 'बेकारीत' म्हणजे इंजिन नुसते चालू असताना. भाषांतर माझे, मिस्तरींना आवडले नाही.

पण नवा डबाही थंड असताना उपयोगाचा नाही, हे मी वर म्हटलेच. सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो. त्यामुळे आता गाडी उलटी लावतो, तोंड आईच्या खिडकीकडे आणि धुरांडे फाटकाकडे. आणि सुरू केली की उभी न ठेवता लगेच हळू निघायचे. इंजिन जागच्या जागी तापवत बसण्याची आजच्या गाड्यांना गरजच नसते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'वाहने नियमानुसार लावावीत' अशी चिठ्ठी काचेवर चिकटवली आहे. तिला उत्तर लिहिण्याचे काम मराठीचा प्राध्यापक म्हणून माझ्याकडे आले. उत्तर चार पानी झाले आहे.

वसुबारसेच्या सकाळी मी चहा घेऊन गेलो, तेव्हा खिडकी उघडी होती. आई ओच्यात फुले घेऊन बसली होती. भाचा नुकताच निघून गेला होता.

"पोरानं गाडी विकली की काय रे?" तिने विचारले. "बरेच दिवस आवाज नाही."

"आत्ता तर गेला, आई. इथूनच."

"हो?" ती खिडकीतून वाकून पाहू लागली. "मग मला सांगायला काय झालं होतं त्याला? मी हात केला असता."