जबडा काढायला पैसे आहेत, पुडी सोडवायला नाहीत



२०१२ च्या जुलै महिन्यात राज्य सरकारने अठरा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी केल्या. २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला. मराठवाड्यातून त्यात एकट्या नांदेडचा नंबर लागला, लातूरला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २० जुलैला राज्यभर गुटखाबंदी आली. एका निर्णयाने गरिबाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकारने उचलला, दुसऱ्याने टपरीवरची पुडी बेकायदा ठरवली. या दोन्हींच्या मधला माणूस मात्र तसाच राहिला: ज्याला तंबाखू सोडायची आहे, पण सुटत नाही.

बंदीचं काय झालं ते सीमेवरच्या तालुक्यांना विचारावं. देगलूर-बिलोली तेलंगणाला लागून, उदगीर-देवणी-निलंगा कर्नाटकाला लागून. गुटख्याचा टेम्पो पकडल्याच्या बातम्या वाचून वाचकही आता चकित होत नाहीत. शिवाय बंदी गुटख्यावर आहे. विडी, सिगारेट आणि चुन्याबरोबर मळायची तंबाखू खुलेआम मिळते. पुरवठा आवळायलाच हवा, पण वीस वर्षं बार भरणाऱ्याची सकाळची तलफ पोलिसांच्या छाप्याने जात नाही.

आपल्याकडे हा प्रश्न धुरापेक्षा चघळण्याचा आहे, हेही आधी मान्य करायला हवं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के, तर खाणारे, चघळणारे, मिसरी लावणारे २४.४ टक्के. ‘धूम्रपान निषेध’ असा फलक लावून रुग्णालयाचं काम संपत नाही ते यामुळेच. त्या फलकाखाली बसून चुना मळणारा नातेवाईक त्यात मोडतच नाही, आणि घरात रोज मिसरी लावणाऱ्या आजीला तर आपण व्यसनी आहोत असं कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मनावर घेतलं की सुटतं.’ मनावर घेणारे कमी नाहीत. त्याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त धूम्रपान करणाऱ्यांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं. तंबाखू खाणाऱ्यांमध्येही हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. मग अडतं कुठे? वर्षभरात डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेलेल्यांपैकी तंबाखू खाणाऱ्या ३१.७ टक्के लोकांनाच ‘सोडा’ असा सल्ला मिळाला होता. म्हणजे तिघांपैकी दोघे केसपेपर काढून, गोळ्या घेऊन, तंबाखूचा विषयही न निघता घरी परतले.

त्यातला मोठा विनोद गावपातळीवर आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा आरोग्य तक्ता आशाताई भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो आणि रोज खाणाऱ्याला त्याचे दोन गुण मिळतात. गुण नोंदवले जातात, पण त्या माणसाला पुढे पाठवायचं कुठे? तंबाखूमुक्ती केंद्र जिल्हा रुग्णालयात. किनवटच्या शेतमजुराने शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून, दिवसाची मजुरी बुडवून नांदेडला समुपदेशनासाठी यावं, आणि तेही एकदा नव्हे तर चार-पाचदा, ही अपेक्षाच चुकीची. तोच मजूर उद्या तोंड उघडेनासं होऊन, गाठ घेऊन आला, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना (राजीव गांधी योजनेचं आजचं नाव) त्याच्या शस्त्रक्रियेचे, केमोचे, किरणोपचाराचे पैसे देते. देते हे चांगलंच. पण तिथवर पोचण्याआधी त्याच्यावर खर्च करायला तिच्याकडे रकाना नाही.

असा रकाना उघडला की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. २००६ मध्ये तिथे आरोग्यसेवेत सुधारणा झाल्या. त्यात गरिबांच्या सरकारी विम्यात सिगारेट सोडवण्याची औषधं आणि समुपदेशन सामील झालं, आणि ते लोकांना कळवलं गेलं. अडीच वर्षांत त्या विमाधारकांमधलं धूम्रपान ३८ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आलं. अमेरिका फार दूर वाटत असेल, तर गडचिरोली आपलीच आहे. तिथे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान गावसंघटनेबरोबर तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचार क्लिनिकही चालवतं. उपचार माणसाजवळ नेता येतो, हे त्या दुर्गम जिल्ह्याने दाखवलं आहे.

पैशाचं रडगाणं इथे टिकत नाही. २०१७-१८ मध्ये तंबाखूजन्य आजारांनी देशाला सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचा फटका बसला. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून सरकारला मिळालेली रक्कम त्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास होती. औषधांचीही सबब उरलेली नाही. तलफ शमवणारी निकोटिनची उत्पादनं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आली आहेत. चघळणाऱ्यांसाठी मात्र समुपदेशन हाच मुख्य आधार. त्याला यंत्र लागत नाही, प्रशिक्षित माणूस आणि त्याचा वेळ लागतो.

तेव्हा मागण्या तीन. जन आरोग्य योजनेत तंबाखूमुक्तीचं स्वतंत्र पॅकेज असावं, पहिल्या भेटीपासून सहा महिन्यांच्या पाठपुराव्यापर्यंत. प्राथमिक आरोग्य केंद्रात निकोटिन गम मोफत मिळावा आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला समुपदेशनाचं प्रशिक्षण मिळावं. आणि आशाताईंनी नोंदवलेल्या नावाचा पाठपुरावा हे मोबदल्याचं काम समजलं जावं. सगळं त्यांच्याच अंगावर फुकट टाकायचं असेल तर न बोललेलं बरं. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दंत महाविद्यालयं आहेत. प्रयोगाची सुरुवात इथूनच व्हावी.

योजनेची यादी सुमारे ९७० उपचारांपासून सुरू झाली आणि पुढे अनेकदा वाढली. पुढच्या वेळी ती वाढेल तेव्हा तंबाखूमुक्तीची एक ओळ त्यात यावी, यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी विधिमंडळात आवाज उठवावा. तोवर, ज्यांना आजच सोडायची आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक पुडीवरच छापलेला असतो.

— एक वाचक, लातूर